जितकी वर्षं, तितके कान

नातीचा सहावा वाढदिवस मी व्हिडिओ कॉलवर पाहिला. तिकडे दुपार होती, इकडे बोदवडला दिवेलागण. नातीने फुंकर मारून केकवरच्या मेणबत्त्या विझवल्या, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मग तिच्या आईची आई, म्हणजे माझ्या विहीणबाई, पुढे झाल्या. त्यांनी पोरीचा कान धरला आणि ओढला. एकदा नाही, सहा वेळा. बाकीचे मोठ्याने मोजत होते. विहीणबाईंचं झालं तर मामा आला, मामाचं झालं तर शेजारची कोणी बाई आली. प्रत्येकाचे सहा-सहा. पोर हसत होती, पण कान लालबुंद झाले होते. मी बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं आहे. मार खाऊन हसणारी मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत.

"अरे, हे काय चाललंय?" मी ओरडले. तिकडच्या गलक्यात माझं कोण ऐकतं!

मुलगा आधी साक्रीकडच्या डोंगरांवर पवनचक्क्या उभारायच्या कामावर होता. धुळ्यात खोली घेऊन राहायचा आणि सुट्टीला बोदवडला यायचा. त्याच कामावर तो स्पेनला गेला आणि तिथलीच मुलगी त्याने पसंत केली. सूनबाई चांगली आहे. तिला मराठी बेताचंच येतं, पण फोनवर "आई, जेवलात का?" हे न चुकता विचारते. सुनेबद्दल माझी तक्रार कधीच नव्हती. शंका होती ती तिच्या माहेरच्यांची.

दुसऱ्या दिवशी मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "आई, इथे तशी पद्धतच आहे. जितकी वर्षं झाली तितक्या वेळा कान ओढायचे. आयुष्य वाढावं म्हणून. मोठ्या माणसांचेही ओढतात." मग सुनेला विचारलं. ती म्हणाली, "कान ओढला, मोठं होतं, छान." मग नातीला एकटीला फोनवर घेतलं. तीही म्हणाली, "आजी, कान ओढला की मी मोठी होते."

तिघांचं उत्तर एकच. परीक्षेत तिघांचं उत्तर शब्दाला शब्द जुळलं, की मी काय समजायचे ते सांगायला नको.

आमचे हे ओट्यावर बसून तूर निवडत होते. केळीच्या बागेत आयुष्य गेलेला माणूस, कशाची घाई नाही. म्हणाले, "पोरगी हासून राह्यली ना? मंग तुले कायची कायजी?"

"तुम्हाला कळत नाही," मी म्हटलं. कारण मला कळत होतं. मी स्वतः काही गरीब गाय नव्हते. छडी मी कधी हातात धरली नाही, पण कान पिळायचे. पालकच येऊन सांगायचे, "बाई, कान उपटा, पन पोराले वाचता आलं पाह्यजे." मी कोणात भेद केला नाही. माझा मुलगा चौथीत माझ्याच वर्गात होता, त्यालाही सोडलं नाही. ही गोष्ट मी दर पालकसभेत सांगायचे आणि मग कोणाचा कान धरला तरी कोणी तक्रार करायचं नाही. तेव्हा कान या विषयात मला कोणी शिकवावं असं नव्हतं. प्रेमाने कोणी कान ओढत नसतं.

त्यानंतर वर्षभर मी पाळतच ठेवली म्हणा ना. मुलाने त्या वाढदिवसाचे व्हिडिओ पाठवले होते, ते मी पेपर तपासावेत तसे तपासले. नाताळची सुट्टी संपल्यावर शाळेत वाढदिवस झालेल्या मुलाला कागदाचा मुकुट घालतात आणि ते मूल वर्गाला गोळ्या वाटतं. ते ठीक, आमच्याकडेही वाटतात. पण संध्याकाळी सगळा वर्ग घरी बोलावतात, आणि मुलांच्या आया मुलांना दारात सोडून चक्क निघून जातात. हे कसलं बोलावणं? खायला पावात घातलेलं काहीबाही आणि बटाट्याचं जाड आम्लेट. वर टांगलेला कागदाचा एक मोठा डबा, त्याला रिबिनी. सगळ्या मुलांनी मिळून त्या ओढल्या, की डब्यातला खाऊ धबाधबा डोक्यावर पडतो आणि मुलं जमिनीवर लोळून वेचतात. भेटी तर सगळ्यांच्या देखत तिथेच फोडायच्या. कोणी काय आणलं ते सगळ्यांना दिसणार. आपल्याकडे पाहुणे गेल्यावर दार लावून बघतात, त्यात काही तरी अब्रू आहे.

यापेक्षा एक गोष्ट मला जास्त खटकली. कान ओढायच्या व्हिडिओत शेवटी मामा माझ्या मुलाला पुढे ढकलतो. मुलगा हात पुढे करतो, मग मागे घेतो, मान हलवतो आणि बाजूला जातो. मी ते पाच-सहा वेळा पाहिलं. सगळ्यांनी ओढला, बापाने नाही. नातीला विचारलं तर म्हणाली, "पप्पा कधीच ओढत नाही. मी सांगते तरी नाही."

झालं, मला पुरावा मिळाला. माझ्या मुलालाही हे पटत नव्हतं. पण सासुरवाडीच्या माणसांत एकटा, बोलणार कसा? त्याच्या वतीने बोलायला तिथे कोणी नव्हतं. ते काम माझं होतं.

यंदा नाताळच्या सुट्टीत सगळे आले आणि नातीचा सातवा वाढदिवस इथेच जानेवारीच्या सुरुवातीला आला. विहीणबाईही आल्या. लहानखुरी बाई, केस बारीक कापलेले, सारखी हसणारी. मी तिच्यावरची नजर काढली नाही. दुपारी नातीला झोपवताना ती पोरीचा कान अंगठ्याने हळूहळू चोळायची आणि पोर दोन मिनिटांत झोपी जायची. मी दारातून बघायचे. म्हटलं, जागा हेरून ठेवतेय.

वाढदिवसाच्या सकाळी नातीला पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि निरांजन ओवाळायला घेतलं. तेवढ्यात विहीणबाई काही तरी ओरडल्या आणि पुढे होऊन त्यांनी नातीचे मोकळे केस दोन्ही हातांनी मागे धरले. सूनबाई हसत म्हणाली, "आई घाबरली. आग, केस." म्हणजे मी माझ्या नातीला जाळणार होते! मी ओठ घट्ट मिटून ओवाळत राहिले. ज्योत नातीच्या तोंडासमोर आली आणि नातीने गाल फुगवून फू केलं.

निरांजन विझलं.

ऐन वाढदिवसाला, लेकराच्या तोंडासमोर दिवा विझला! नात टाळ्यांची वाट बघत माझ्याकडे पाहत होती. मी विहीणबाईंकडे अशा नजरेने पाहिलं, की त्या दोन पावलं मागे सरकल्या. यांनी शांतपणे काडेपेटी काढली. "इझली तं इझली. दुसऱ्यांदा लाव. तिले काय मालूम?"

दुपारी मळ्यात भरिताचा बेत होता. कपाशीच्या काड्या पेटवून त्यात वांगी भाजली, पुऱ्या झाल्या, केळीच्या पानांवर पंगत बसली. विहीणबाईंनी हाताने भरीत खाल्लं, मिरचीने डोळ्यांत पाणी आलं तरी पुन्हा घेतलं. जेवणं झाल्यावर केक कापला. मला माहीत होतं आता काय होणार. मी नातीच्या जवळच जाऊन उभी राहिले.

विहीणबाई आल्या, वाकल्या आणि त्यांनी हात पुढे केला. मी त्यांचं मनगट धरलं.

"हात लावायचा नाही," मी म्हटलं. मराठीत म्हटलं, पण समजायला भाषा लागली नाही. विहीणबाईंचा चेहरा पडला. आणि नात, जिच्यासाठी मी वर्षभर जागता पहारा दिला ती माझी नात, भोकाड पसरून रडायला लागली. तिचं म्हणणं, कान नाही ओढले तर ती सातची होणारच नाही, सहाचीच राहील.

मुलाने मला हाताला धरून विहिरीपलीकडच्या कडुनिंबाखाली नेलं.

"आई, काय केलंस हे?"

"जे तुला करता येत नाही ते केलं. तू तरी कुठे ओढतोस तिचा कान? तुलाही नाही आवडत. तुला त्यांच्यापुढे बोलता येत नाही, हे मला कळत नाही का?"

तो म्हणाला, "आई, मी त्यांना घाबरून मागे होतो असं तुला वाटलं?"

"मग कशाला?"

"चौथीत जिल्ह्याच्या नकाशात मला वाघूर नदी दाखवता आली नव्हती. तू कान पिळत मला बाकापासून नकाशापर्यंत नेलंस. तुझं नख लागलं होतं. मागून रक्त आलं. पोरं हसत होती. घरी आल्यावर आबांनी हळद लावली. तू काहीच विचारलं नाहीस. वर सगळ्या गावाला सांगत राहिलीस, मी पोटच्या पोरालाही सोडलं नाही म्हणून. माझ्या मुलीच्या कानाला हात लावायला गेलो, की मला माझा हात तुझा वाटतो. म्हणून नाही ओढत."

खरं सांगायचं तर आधी मला रागच आला. इतकी वर्षं मनात ठेवलं आणि आज काढलं, विहिणीच्या देखत? पण विहीण लांब होती, तिला आमची भाषा येत नव्हती. मग राग कोणावर काढायचा? मला तो नकाशा आठवत होता. आपण कोणात भेद करत नाही म्हणून वाटलेला अभिमान आठवत होता. रक्त आठवत नव्हतं. मी ते पाहिलंच नव्हतं. बत्तीस वर्षं मुलांच्या कानांवरून त्यांच्या घरचा मार ओळखणारी बाई मी, आणि माझ्या घरचा कान मला दिसला नाही.

परत आले तर हे, मुलाचे आबा, विहिरीच्या काठावर बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. हळदीचं त्यांना माहीत होतं. आजवर त्यांनी मला एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

मी सुनेला म्हटलं, "तुझ्या आईला सांग, माझं चुकलं. ओढू दे." विहीणबाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. मग त्यांनी नातीच्या कानाची पाळी दोन बोटांत धरली. इतक्या जवळून मी पहिल्यांदा पाहत होते. आपण वाळलेली शेंग झाडावरून तोडतो ना, तेवढाही जोर नव्हता. नात डोळे पुसत मोठ्याने मोजत होती. सात झाले तशी ती माझ्याकडे वळली. "आता आजी."

माझी बोटं तिच्या कानापाशी गेली आणि आपोआप जुन्या पद्धतीने वळली, अंगठा मागे, नख आत. मला स्वतःच्या हाताची भीती वाटली. हात काढला, पदराला पुसला, पुन्हा नुसती पाळी धरली. सात वेळा.

"आजीने नीट ओढलंच नाही," नात म्हणाली. "आता पप्पा."

तो येईल असं मला वाटलं नाही. पण तो आला, गुडघ्यावर बसला. एकदा ओढला आणि विचारलं, "लागलं का?"

"नाही!"

दुसऱ्यांदा ओढला. "लागलं का?"

"नाही रे पप्पा!"

सातही वेळा त्याने विचारलं. नात शेवटी वैतागली, सगळे हसायला लागले. मी हसू शकले नाही. हा प्रश्न मला कधी सुचला कसा नाही, एवढंच डोक्यात होतं. घरी आल्यावर, जेवायला वाढताना, झोपताना, कधीही विचारता आला असता. दोन शब्दांचा तर होता.

त्याला मी सगळ्या वर्गासमोर नकाशापर्यंत नेलं होतं. म्हणून कडुनिंबाखाली परत बोलावून, बाजूला घेऊन विचारणं मला बरं वाटेना. त्या पंगतीतच, उष्ट्या पानांमध्ये उभी राहून मी मोठ्याने म्हटलं, "बाळा, तुला लागलं होतं का रे?"

विहीणबाईंनी सुनेला काही तरी विचारलं. सूनबाईने तिला गप्प राहायची खूण केली.

मुलगा अजून गुडघ्यावरच होता. नातीच्या कानावरचे केस त्याने मागे सारले.

"हो, आई," तो म्हणाला. "खूप लागलं होतं."