फोनमधला भाडेकरू

लिफ्टवाले लिफ्ट दुरुस्त करत, आणि त्यांचा एक नियम होता. लिफ्टच्या उभ्या बोगद्यात उतरायचे तर आधी मुख्य स्विच बंद करायचा, त्यावर ‘काम चालू आहे’ अशी पाटी अडकवायची आणि मगच पाय आत टाकायचा. उभ्या नोकरीत त्यांनी हा नियम कधी मोडला नाही. खोळंबलेल्या साहेबांसाठी नाही, लिफ्टमध्ये अडकून आरडाओरडा करणाऱ्यांसाठीही नाही. म्हणूनच त्यांची दहाही बोटे शाबूत होती, आणि विषय निघाला की ते ती पुढे करून दाखवत.

घरी हा नियम लागू होतो, असे मात्र त्यांना कधी वाटले नव्हते.

त्यांची बायको मशीनवर भरतकाम करी. गिऱ्हाईक म्हणावे असे एकच, कोपऱ्यावरची बालवाडी. तिथे प्रत्येक मुलाला आपले असे एक चित्र मिळते. कुणाला गोगलगाय, कुणाला छत्री, कुणाला किटली. ते चित्र पिशवीवर भरलेले असते. वाचता येत नसले तरी मूल त्यावरून आपली पिशवी बरोबर ओळखते. ही सगळी चित्रे बायकोने पेन्सिलीने काढली होती, आणि आता तिच्या बोटांत सांधेदुखी येऊन बसली होती. मशीन चालवता येई, पण पेन्सिल धरली की रेघ नाचू लागे. जुनी चित्रे हेच तिचे भांडवल.

म्हणून लिफ्टवाल्यांनी त्या सगळ्या कागदांचे फोनवर फोटो काढले आणि कागद रद्दीत घातले. बायको घुटमळत होती. तेव्हा ते म्हणाले होते, “कागदाला वाळवी लागते. फोनला लागत नाही.”

फोटोवरून मशीनला समजतील असे टाके करायला एक मोठा प्रोग्रॅम लागे आणि तो फोनवर चालत नसे. घरातला कॉम्प्युटर तर धूर सोडून केव्हाच गेला होता. लिफ्टवाल्यांनी बरेच दिवस वाचन केले, फोनची कंपनीने लावलेली कुलपे काढली आणि त्याच्या पोटात लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी आख्खी यंत्रणा, बसवली. फोनला टीव्ही जोडला, कीबोर्ड जोडला, माउस जोडला. टीव्हीवर कॉम्प्युटर दिसू लागला.

“एवढ्याशा फोनात एवढा मोठा कॉम्प्युटर मावतो कसा?” अक्काने विचारले. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. ती वरच्या मजल्यावर राही आणि वाटीभर साखरेच्या निमित्ताने खाली येई.

“असं बघ अक्का. फोन म्हणजे घर. घरमालक आहेच. त्याच्या एका खोलीत आपण भाडेकरू ठेवला. त्याचं नाव लिनक्स. त्याला असं भासवायचं, की ही खोली म्हणजेच सगळं घर, बाहेर काही नाहीच. याला सीएचरूट म्हणतात.”

“आणि तो बाहेर डोकावला तर?”

“डोकावायला खिडकीच नाही.”

“सुखी आहे बिचारा,” अक्का म्हणाली आणि वाटी घेऊन वर गेली.

खिडकी नव्हती हे खरे. पण एक दार होते, आणि ते लिफ्टवाल्यांनी स्वतःच पाडले होते. फोटो राहायचे मालकाच्या कोठीघरात, काम करायचा भाडेकरू. दर वेळी नेआण कोण करणार? म्हणून त्यांनी कोठीघर भाडेकरूच्या खोलीला जोडून टाकले. आता भाडेकरूला ते आपल्याच खोलीतले कपाट वाटे. काम झाले की ही जोडणी सोडायची असते. ती सोडायची त्यांना कधी गरज पडली नाही.

मग एका रविवारी दुपारी त्यांनी लिनक्सची नवी आवृत्ती घेतली आणि टीव्ही काळा पडला. त्यांनी तास दोन तास खटपट केली. शेवटी ठरवले, डागडुजी नको, खोलीच पाडू आणि नवी बांधू. त्यासाठी, खोलीतले सगळे पुसून टाक, असा हुकूम देणारी एक ओळ लिहावी लागते. त्यांनी ती लिहिली, दोनदा वाचली, अक्षर न् अक्षर बरोबर होती. बटण दाबून ते चहा टाकायला गेले.

चहा झाला, पिऊन झाला, कपही विसळून झाला, तरी पाडकाम चालूच होते. एका खोलीला एवढा वेळ लागायचे कारण नव्हते. मग त्यांच्या लक्षात आले, की पाडणारे दारातून पलीकडे गेले आहेत. त्यांनी फोन बंद केला तेव्हा कोठीघरात एकही फोटो उरला नव्हता.

फोटोंची दुसरी प्रत होती. ती त्याच कोठीघरात होती.

नक्षी ज्यावरून मशीनला देत त्या पेनड्राइव्हवरही काही नव्हते. मशीन जुने, एकाहून जास्त नक्षी दिसली की गोंधळे, म्हणून ते दर वेळी आधीची नक्षी पुसत. मोबाइल दुरुस्त करणाऱ्याने फोन उलटसुलट करून पाहिला आणि अशा फोनमधून गेलेले परत येत नाही, असे सांगून परत दिला.

बायको पिशव्या कापत बसली होती.

“अगं.”

“काय?”

“गोगलगाय गेली.”

“कुठं गेली?”

“सगळीच गेली. छत्री, किटली, सगळी.”

तिने कात्री खाली ठेवली. “फोनला वाळवी लागली का?”

“मीच लागलो.”

“पुढच्या महिन्यात नवी मुलं येतील. त्यांच्या पिशव्यांवर काय भरू? तुमचा चेहरा?”

अक्काला कळायला वेळ लागला नाही. तिने एवढेच विचारले, “स्विच बंद करून पाटी लावली नव्हतीस का रे?” आणि थोडे थांबून म्हणाली, “आता दाखव बोटं.”

बालवाडीला सुट्टी होती आणि पिशव्या मुलांबरोबर घरी गेलेल्या, म्हणून दुसऱ्या दिवसापासून लिफ्टवाले कामावरून सुटले की जुन्या मुलांची घरे शोधू लागले. बालवाडीच्या ताईंना मुलांची आडनावे आठवत नसत, चित्रे आठवत. “छत्री ना? औषधाच्या दुकानाच्या वर राहायची. आता तिलाच मूल झालंय.” लिफ्टवाले बेल वाजवून विचारत, “तुमच्याकडे छत्री आहे का? भरलेली.” काहींनी दार लावून घेतले. पण पिशव्या निघाल्या. एकीत कपड्यांचे चिमटे होते, एकीत बुटांचे ब्रश. गोगलगायीच्या पिशवीत मांजर झोपले होते आणि ते उठेपर्यंत लिफ्टवाल्यांना थांबावे लागले.

बहुतेक चित्रे विटून गेली होती. त्यांनी काढलेले फोटो पाहून बायको म्हणाली, “पिशवी उलटी करा आणि आतून काढा. ऊन आत जात नाही.”

आतल्या बाजूला रंग ताजे होते. कुठला टाका कुठून निघून कुठे गेला, तेही तिथेच दिसत होते. ते पुन्हा सगळ्या घरी गेले. आतून घेतलेले चित्र उलटे पडते, ते नव्या लिनक्समध्ये त्यांनी एकेक करून सुलटे केले. गोगलगाय तेवढी सुलटी करायची राहिली. ती आता दुसऱ्या दिशेला निघाली होती. ताई म्हणाल्या, “असू दे. पोचायची घाई तिला कधीच नव्हती.”

किटली मात्र सापडली नाही. किटलीवाला मुलगा मोठा होऊन जहाजावर लागला होता आणि पिशवी बरोबर घेऊन गेला होता.

“किटली राहू दे,” लिफ्टवाले म्हणाले.

“एका मुलाला काय कोरी पिशवी देऊ?” बायकोने कागद पुढे ओढला. पेन्सिल दोन्ही हातांनी धरली. रेघ व्हायची तशीच झाली, थरथरत. लिफ्टवाल्यांनी फोटो काढला. प्रोग्रॅममध्ये रेघ सरळ करण्याचे एक बटण होते. त्यांनी बोट तिथवर नेले आणि मागे घेतले. मशीनने ती थरथर टाक्यागणिक जशीच्या तशी भरली.

बालवाडी उघडली. ज्या मुलीला किटली मिळाली तिने पहिल्याच दिवशी खुंट्यांच्या रांगेतून आपली पिशवी बरोबर काढून घेतली. चित्राकडून अपेक्षा तेवढीच असते.

लिफ्टवाले आता खोली पाडण्याआधी जोडणी सोडतात आणि टीव्हीवर ‘काम चालू आहे’ची पाटी अडकवतात. टीव्हीवर पाटीचा काही उपयोग नाही, पण त्यांना ती दिसते. किटलीचा कागद बायकोने कपाटात, साड्यांच्या घडीखाली ठेवला. लिफ्टवाल्यांनी ते पाहिले. वाळवीविषयी ते काही बोलले नाहीत.