चावेल, पण मारणार नाही असा

हिराबाईची ओळख मला आधी आवाजाने झाली, चेहऱ्याने नंतर. पेणच्या शाळेत मी नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते आणि एका चाळीत खोली घेऊन राहत होते. पहिल्याच दिवशी शेजारच्या खोलीतून ठकठक सुरू झाली. थोडा वेळ थांबे, पुन्हा सुरू होई. भिंत पाडतात की काय म्हणून मी बघायला गेले, तर एक उंच, काटकुळी बाई हातातल्या काठीने सिमेंटची जमीन बडवत चुलीकडे निघाली होती. मला पाहून ती म्हणाली, "उभी ऱ्हा तिथंच. आधी चपला झटक, मग आत ये."

त्या स्वच्छ, रिकाम्या खोलीत साप कुठून येणार, असं तिला कोणी विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं होतं. "त्यो काय सांगून येतो?"

तिच्या नवऱ्याला तो सांगून आला नव्हता. खाडीकाठच्या मिठागरात काम करताना बांधावरचा दगड उचलला आणि त्याखालचं फुरसं बोटाला चावलं. वीतभर लांबीचा तो साप. नवऱ्याने आधी हसण्यावारी नेलं. मग हिरड्यांतून रक्त यायला लागलं. मांत्रिक झाला, पाला झाला, शेवटी बैलगाडीत घालून पेणला आणला, पण उशीर झाला होता. त्यानंतर हिराबाईने गाव सोडलं. मुलीला घेऊन ती पेणला आली आणि गणपतीच्या कारखान्यात मूर्ती घासून गुळगुळीत करायच्या कामाला लागली. माती, गवत, बांध, झाडी, यांतलं काही पायाखाली येणार नाही अशा डांबरी रस्त्याने ती जायची आणि त्याच रस्त्याने परत यायची. कारखान्यात मात्र मातीत हात घालावाच लागे. त्यावर ती म्हणे, "ही माती मळलेली हाय गो. हिच्यात काय लपत नाय."

तिला एका जागी बसलेली मी क्वचित पाहिली. जेवतानाही तिची नजर उंबऱ्याकडून छपराकडे आणि छपराकडून कोपऱ्याकडे फिरत असायची. बोलता बोलता मध्येच उठायची, अंथरुणाची वळकटी सोडून झटकायची, पुन्हा गुंडाळायची. तिच्याजवळ बसलं की आपलाही पाय आपोआप वर उचलला जाई. चाळीतल्या बायका मागे हसत. मी फारशी हसत नसे, कारण तिचं खरं दुखणं मला लवकरच कळलं.

तिची मुलगी सिंधू रोह्याच्या पुढच्या एका वाडीत दिली होती. मी मूळची रोह्याची, म्हणून हिराबाई मला त्या वाटेबद्दल पुन्हा पुन्हा विचारायची. मोठा रस्ता सोडला की सिंधूच्या घरापर्यंत भातशेतातून बांधावरूनच जावं लागे, दुसरी वाट नव्हती. लग्न उन्हाळ्यात पेणलाच झालं होतं. त्यानंतर हिराबाईने लेकीचं घर पाहिलं नव्हतं. सिंधूच्या पहिल्या बाळंतपणाच्या वेळी जावई बोलवायला आला होता. ही एसटीने रोह्याच्या पुढे गेली, बांधाच्या तोंडाशी उभी राहिली आणि तिथूनच मागे फिरली. पोर जन्मतःच गेलं. सिंधूने आईला दोष दिला नाही. पण तेव्हापासून ती पेणला आलीही नव्हती.

आता सिंधूला पुन्हा दिवस गेले होते. दवाखान्यातल्या बाईंनी तिला प्रवास करू नको म्हणून सांगितलं होतं. बाळंतपण भादव्यात होतं, म्हणजे भात कमरेएवढं आणि बांध गवताने झाकलेले असताना.

नागपंचमीला चाळीत गारुडी आला. बायका हळदकुंकू घेऊन बाहेर आल्या. हिराबाई दरवर्षी त्या दिवशी दाराला कडी लावून बसायची, पण त्या वर्षी ती ओट्यावर आली. चेहरा पांढराफटक होता. गारुड्याने टोपलीचं झाकण उचललं तशी तिने खांब धरला, पण ती आत गेली नाही. पूजा उरकली, बायका पांगल्या, मग ती त्याला म्हणाली, "मना येक साप पायजे."

गारुडी हसला. "पाळायला?"

"व्हय. पन दात काढलेला नको. चावेल असा दे. चावेल, पन मारनार नाय असा."

त्याने हिच्याकडे जरा वेळ निरखून पाहिलं आणि मग हसणं थांबवलं. पुढल्या आठवड्यात तो एक धामण घेऊन आला. हातभर लांबीचं पिल्लू होतं ते, पिवळसर, मोठ्या डोळ्यांचं. "हिला विष नाही, मावशी. पण राग आहे," एवढं सांगून तो गेला.

मग आमच्या चाळीत असं काही सुरू झालं की कोणालाच चैन पडेना. हिराबाईने जाण्याआधी गारुड्याकडूनच धामण माठात सोडवून घेतली होती; मग माठाच्या तोंडाला फडकं बांधलं, वर जरा फट राखून पाटा ठेवला. फडक्याला भोकं पाडायचं तिला सुचलं नव्हतं, ते मी सुचवलं. तिने दूध ठेवलं, धामण प्याली नाही. भात ठेवला, त्याला मुंग्या लागल्या. "मरेल गो ही माज्या हातानं," म्हणत ती येरझाऱ्या घालू लागली. ज्या जातीने तिचं कुंकू पुसलं त्या जातीतलं एक पिल्लू उपाशी राहतंय म्हणून ही बाई जेवेना. शेवटी कारखान्यातल्या सापळ्यात सापडलेलं उंदराचं पिल्लू तिने आणून सोडलं आणि पाठ फिरवून उभी राहिली. धामणीने ते गिळलं. त्या दिवसापासून कारखान्यातले लोक तिला उंदीर जपून ठेवू लागले. "गणपतीला कळलं तर काय म्हनेल," असं ती पुटपुटायची आणि कान धरायची.

पुढे धामणीचे डोळे एकाएकी दुधाळ झाले. हिराबाई धावत माझ्याकडे आली. "आंधळी झाली ती! मी काय केलं?" मलाही काही ठाऊक नव्हतं. आम्ही दोघी माठाभोवती बसून राहिलो. काही दिवसांनी माठात कात पडलेली दिसली, आणि धामण नव्या नाण्यासारखी चकचकीत होती. हिराबाईने ती कात चिमट्याने उचलली, उन्हात धरली आणि खुदकन हसली. तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. पण धामणीला तिने अजून हात लावला नव्हता.

तो लावावा लागला. एका दुपारी पाटा सरकला, फडकं सैल झालं आणि धामण बाहेर पडली. चाळीत आरडाओरडा झाला. पोरं पलंगांवर चढली, बायका अंगणात धावल्या, चाळीचे मालक कुदळ घेऊन आले. धामण मोरीच्या कोपऱ्यात वेटोळं करून फुसफुसत होती. मालक पुढे सरसावले, तशी हिराबाई त्यांच्या आडवी झाली.

"मारू नका. माजी हाय ती."

"मग उचल तुझी!" मालक म्हणाले.

ती थरथरत होती, दात वाजत होते. मी म्हटलं, "मावशी, काठीने ढकलू या." तिने मान हलवली. "थांब गो. मना जरा कापून घेऊ दे. मग उचलते." आणि ती खरोखरच उभ्या उभ्या कापून घेत राहिली. मग ती वाकली आणि तिने हात घातला. धामणीने झडप घालून तिच्या मनगटाला चावा घेतला. रक्ताचे बारीक थेंब आले. हिराबाईने धामण सोडली नाही. माठात घातली, फडकं बांधलं, पाटा ठेवला आणि भिंतीला टेकून खाली बसली. काठीने जमीन न बडवता बसली.

ती आपल्या मनगटाकडे पाहत राहिली. चाळ तिच्याकडे पाहत राहिली. मग ती हुंदके देऊन रडू लागली. "चावली. चावली गो बाय, आनि मी हाय!"

मालकांनी संध्याकाळच्या आत साप बाहेर काढायला सांगितलं. ती भांडली नाही. आम्ही दोघींनी माठ नदीकाठच्या झाडीपर्यंत नेला. फडकं तिनेच सोडलं. धामण गवतात शिरली आणि हिराबाई चटकन दोन पावलं मागे सरली. भीती गेली नव्हती. मी तसं म्हटलं, तेव्हा ती म्हणाली, "ती कशाला जाईल? पन आता मी तिला वळखते."

भादव्यात जावयाचा निरोप आला, कळा लवकर सुरू झाल्या होत्या. मी शाळेतून रजा काढली. तेव्हा रोह्याला रेल्वे नव्हती. एसटी वडखळ, नागोठणे करत रखडत गेली आणि हिराबाई पूर्ण वेळ पुढच्या दांडीला धरून उभी होती, बसायला जागा असूनही. मोठ्या रस्त्यावर उतरून आम्ही बांधाच्या तोंडाशी आलो. भात डोलत होतं. बांध दिसतच नव्हता, नुसतं गवत.

मी पुढे झाले. निम्म्या वाटेवर गवत हललं आणि एक लांब, काळपट साप सळसळत आमच्यापुढून बांध ओलांडून पाण्यात गेला. कुठला होता ते मला आजही सांगता येणार नाही. मी थबकले. मागे वळून पाहिलं, तर हिराबाई डोळे मिटून उभी होती. मी म्हटलं, "मावशी, तुम्ही मागे जा. मी पोचते सिंधूपाशी."

तिने डोळे उघडले. "नाय. सर बाजूला, मी पुढं ऱ्हाते," ती म्हणाली, आणि मला मागे टाकून चालू लागली. वाडी येईपर्यंत ती थांबली नाही.

सिंधू आतल्या खोलीत सुइणीला धरून बसली होती, घामाने निथळत. आईला दारात पाहून ती कळ विसरली.

"तू कशी आलीस?"

"चालत," हिराबाई म्हणाली आणि लेकीच्या पाठीमागे जाऊन तिला टेकू देऊन बसली. दिवेलागणीला मुलगी झाली आणि जन्मताच रडली. सिंधूने आईचा हात धरला होता तो त्यानंतरही सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी मला परतायचं होतं. हिराबाई अंगणापर्यंत आली, पदराच्या गाठीतली खोलीची किल्ली सोडून तिने माझ्या हातात ठेवली. "मालकाला दे. भांडी तुला ऱ्हाऊ देत."

"म्हणजे तुम्ही येणार नाही?"

"त्या पोरीला शेतात चालायला कोन शिकवील?" ती म्हणाली. आतून बाळ रडलं, तशी मला निरोप द्यायचंही विसरून ती घाईघाईने आत वळली.