शेवटच्या बोलीनंतरचा श्वास

करंजा बंदरात बोट लागली की आधी जनीचा आवाज ऐकू येतो, मग कावळ्यांचा. लिलाव पुकारणं हे तिचं काम. पूर्वी सासू पुकारायची. तिचा घसा बसला तशी जनी पाटीमागे उभी राहिली, ती आजतागायत. पापलेटची पाटी समोर आली की ती छाती भरून श्वास घेते आणि तो संपेपर्यंत भाव चढवत नेते. उरणचे व्यापारी म्हणतात, ही बाई पुकारत असताना फोन घेण्यात अर्थ नाही.

कोळीवाड्यात आजारपणालाही मोसम असतो. बोटी चालू असेपर्यंत दुखणं अंगावर काढायचं आणि पावसाळी बंदीत, बोटी वर ओढल्या की, डॉक्टर गाठायचा. दात, मोतीबिंदू, सगळं तेव्हाच. जनीचा नवरा जगन असाच बंदीची वाट बघत राहिला. पनवेलला पोचला तेव्हा पोटात पाणी भरलं होतं, यकृतभर गाठी पसरल्या होत्या. तो वाचला नाही. मूळ निघालं रक्तात वर्षानुवर्षं गुपचूप बसलेल्या ‘ब’ प्रकारच्या काविळीत. घरच्या सगळ्यांचं रक्त तपासलं. तीच कावीळ जनीच्याही रक्तात निघाली. तिला गोळी सुरू झाली आणि दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायला सांगितलं. बंदीतली ती करायची. हिवाळ्यातली चुकवायची.

या हिवाळ्यात सून मनस्वी दारात आडवी उभी राहिली.

"माकुल भरून बोटी येतान, नि मी पनवेलला जाऊ?"

"बाबा पन हेच बोलले होते, आये."

जनीने पदर खोचला आणि ती रिक्षात जाऊन बसली.

सोनोग्राफीत यकृताच्या वरच्या टोकाला, बरगड्यांच्या आडोशाला, एक लहानशी सावली दिसली. ती नेमकी काय आहे हे सीटी स्कॅन सांगणार होता. त्याच आठवड्यात दोघी पुन्हा पनवेलला आल्या. एसटी स्टँडजवळच्या तपासणी केंद्रात स्कॅन काढणारी विनिता हसऱ्या चेहऱ्याची होती, पण कामात कडक.

"मावशी, हाताच्या शिरेतून औषध जाईल, अंग तापल्यासारखं होईल. मी सांगेन तेव्हा श्वास घेऊन धरून ठेवायचा. गाठ वाईट असली तर बहुतेक वेळा आधी चमकते आणि नंतर काळी पडते. ती पहिली चमक क्षणभराची. तेव्हाच तुम्ही हललात तर हुकली."

"हुकली तं?"

"तर आपल्याला नक्की कळणार नाही. आधी नुसती तालीम करू."

जनीने श्वास भरला आणि सवयीने तो लगेच बाहेर पडला. "थांबलंय गो!"

"बोललात की सुटला ना!"

दुसऱ्या खेपेलाही तेच. काचेपलीकडून मनस्वी म्हणाली, "मॅडम, ही झोपेत पन भाव करते." विनिता हसली. जनी हसली नाही. हात डोक्यामागे घेऊन ती यंत्राच्या पांढऱ्या कड्याकडे बघत होती. जगनही अशाच कड्यातून गेला होता. त्याला धड पाठीवर झोपताही येत नव्हतं. आपल्याला येतंय. श्वासही आहे. फक्त तो आवाजाला बांधलेला आहे.

नेहमीच नाही, तिला आठवलं. शेवटची बोली लागली की ती लगेच पाटी सोडत नाही. क्षणभर थांबते. तोंड मिटलेलं, छाती भरलेली, पापणीही हलत नाही. एखादा व्यापारी त्या शांततेला भिऊन भाव वाढवतो. सासूने तिला आधी तेच शिकवलं होतं.

"सोड तुजा औषद," ती म्हणाली. "समजला मना."

घशापासून मांड्यांपर्यंत ऊब धावत गेली, भाताच्या टोपाचं झाकण उचलावं तशी. ‘श्वास धरा’ ऐकताच जनीने तोंड मिटलं, मनातच समोर पाटी मांडली, भोवती व्यापारी उभे केले आणि कोणाच्या भुवईची हालचाल होते ते बघत राहिली.

"सोडा श्वास," विनिताचा आवाज आला. "मावशी, एकदम छान!"

संध्याकाळी डॉक्टर कुमुद यांनी दोघींना पडद्यासमोर बसवलं. एका चित्रात गाठ पांढरी चमकत होती. नंतरच्या चित्रात यकृत उजळलं होतं आणि गाठ काळी पडली होती.

"तुमची जुनी कावीळ, आणि गाठीचं हे असं वागणं. हा कॅन्सर आहे, जनीताई. चित्र इतकं स्वच्छ आलंय की तुकडा काढून तपासायचीही गरज नाही."

मनस्वीने सासूचा हात घट्ट धरला. जनी पडद्याकडे बघत होती.

"किती हायत?"

"एकच. लहान आहे, मोठ्या शिरेपासून लांब आहे. सुई घालून जाळता येईल असं मला वाटतं. मुंबईचे डॉक्टर ते ठरवतील. वेळेत आलात."

"मालकांच्या चितरात मोजता येत नवत्या," जनी हळूच म्हणाली. मग नेहमीच्या आवाजात, "कवा जाळताव?"

डॉक्टरांनी मुंबईला फोन लावला. तारीख मिळाली ती ऐन मोसमातली. मनस्वीने घाबरून सासूकडे पाहिलं.

"चालल," जनी म्हणाली. "बंदीपरत कोन थांबतंय?"

बाहेर आल्यावर मनस्वी म्हणाली, "मग लिलाव?"

"तू पुकारशील."

"मी? माजा आवाज समोरच्या होडीपरत पोचत नाय, आये."

"आवाज येल नंतर," जनी रिक्षाला हात करत म्हणाली. "आदी गप रावाचा शिकवतंय तुला. सकाली ये बंदरावर."