सोन्याच्या घड्याळातली धानाची लोंब

मंडळी, आज लाखनीत घड्याळाचा पट्टा बदलायला गेले होते. दुरुस्तीवाल्या काकांसमोर एका गिऱ्हाइकाचं जुनं सोन्याचं खिशातलं घड्याळ उघडं होतं. कळ दाबली की टणटण वाजून वेळ सांगणारं!

झाकणाच्या आत बनवणाऱ्याचं नाव होतं. खाली दुरुस्त करणाऱ्यांनी कोरलेल्या बारीक सह्या आणि त्यांच्यातच कोरलेली एक धानाची लोंब.

"ही कोणाची, काका?"

"माह्या बापाची. त्याले लिवता येत नव्हतं ना, पोरी."

काकांना लिहिता येतं. तरी काम संपल्यावर त्यांनी शेजारी लोंबच कोरली.

माझ्या कॉलेजच्या अर्जावर बाबांचा अंगठा आहे. त्याची मला लाज वाटायची. आज घरी येऊन त्या अर्जाची झेरॉक्स कपाटातून काढली.

"काय पाहून राहिली?" बाबांनी विचारलं.

"तुमची सही."

तुमच्या घरी अशी सही कोणाची आहे?