ड्रायव्हरशेजारची जागा

माझा स्वभाव तापट. अजूनही आहे, विचारा कुणालाही. पण त्या दिवशी सातारच्या कचेरीत जरा थंड डोक्यानं उत्तर दिलं असतं तर? हे मी मनात इतक्यांदा घोळवलंय की माझा मलाच वीट आलाय. तरी सांगते.

लढाई संपून वर्ष होत आलं होतं. पेट्रोल अजून रेशनवर, म्हणून आमच्या गावची मोटार कोळशावर चालायची. मागं भट्टीचं हे एवढं पिंप, आणि चढ लागला की उतारूंनी खाली उतरून ढकलायचं! सकाळी सातला ती गावातून सुटायची, इस्लामपूरवरून सांगलीला जायची आणि दिवेलागणीला परत यायची. ती चुकली की बैलगाडीशिवाय काही नाही. मी गावच्या दवाखान्यात नर्स होते. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे, बाकी सगळं माझ्या गळ्यात.

मोटारीच्या मालकानं दुपारच्या फेरीसाठी परवाना मागितला. हमरस्त्यावर गाड्या चालवणाऱ्या दुसऱ्या मालकानं हरकत घेतली. एवढ्याशा गावाला दोन फेऱ्या कशाला, असं त्याचं म्हणणं. सुनावणीत लोकांनीही येऊन बोलावं अशी नोटीस चावडीवर लागली आणि गावानं मला पुढं केलं.

मला आग्रह करायची गरजच नव्हती. घरात माझ्या भावजयीला सातवा महिना लागला होता. पहिल्या खेपेला मूल आडवं आलं होतं. मिरजेच्या दवाखान्यात वेळेवर पोचलो म्हणून ती वाचली, मूल गेलं. धाकटा भाऊ पलटणीत. रजा संपवून निघताना उंबऱ्यात थांबून म्हणाला, "आक्का, हिला तुझ्यावर सोडून चाललोय." नवव्या महिन्यात तिला आधीच मिरजेला नेऊन ठेवायचं मी ठरवलं होतं. पण पोटातल्या लेकराचा काय भरवसा? दुपारची मोटार असली की जिवाला घोर नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

कचेरीत साहेब सगळ्यांना आधी एकच प्रश्न विचारत होते. कारकून छापील कागदावरून वाचायचा: या मोटारीच्या धंद्यात तुमचा किंवा घरच्यांचा काही हितसंबंध आहे का? भागीदारी, पगार, सवलत, कसलाही?

माझी पाळी आली आणि माझं डोकंच फिरलं. चार कोस पायपीट करून बाळंतपणं करणारी मी, आणि मला हे विचारतात? "माझं काय असायचंय त्यात? नाही!" मी ताडकन म्हणाले. भावजयीचं ओठावर आलं होतं, तेही गिळलं. घरातली गोष्ट कचेरीत काढायची, आणि वर लोकांनी म्हणायचं की बाई स्वतःसाठी आली? छे!

मग मी छान बोलले. साहेबांनी मान डोलावली. आजच हुकूम होईल असं कारकून शेजाऱ्याला पुटपुटला, ते मी ऐकलं.

तेवढ्यात हरकतवाल्याचा वकील उठला. "बाई, मोटारीत बसता ना? शेवटचं तिकीट कधी काढलंत?"

मला आठवेना. खरंच आठवेना. दोन वर्षांपूर्वी ड्रायव्हरच्या बायकोचं मूल पायाळू आलं होतं, ते मी सुखरूप सोडवलं. तेव्हापासून त्याच्या शेजारची जागा माझी. तलाठी आले तरी तो त्यांना मागं धाडायचा. माझ्याकडून पैसे घेणं म्हणजे त्याला पाप वाटायचं, आणि मी पैसे पुढं करणं म्हणजे त्याचा अपमान. आमच्याकडं असल्या गोष्टीला मान म्हणतात. त्याला कुणी सवलत म्हणत नाही.

"तो मान होता, लाच नव्हती!" मी ओरडलेच.

साहेबांनी चष्मा काढला. आवाज अजिबात चढला नाही, त्याचाच मला जास्त राग आला. "मग मान म्हणून सांगायचं, बाई. मी तसं लिहून घेतलं असतं आणि तुमचं ऐकलंही असतं."

माझी जबानी बाद झाली. गावाकडून दुसरे साक्षीदार आणा म्हणाले आणि दीड महिन्यानंतरची तारीख दिली.

परतताना इस्लामपुरात आमची मोटार गाठली, तिकीट काढलं आणि मागं, भट्टीजवळ जाऊन बसले. ड्रायव्हरचा चेहरा एवढासा झाला. "बाई, माजं काय चुकलं? आवं, माजी बायकू मला घरात घ्यायची न्हाई." त्याच्या शेजारची जागा गावापर्यंत रिकामीच आली. पुढं कितीतरी दिवस मी घरात नुसती येरझाऱ्या घालायची. भावजय म्हणायची, "वन्सं, बसा की जरा."

तारखेला पंधरा दिवस होते. आठवा महिना नुकताच लागला होता. भर दुपारी तिला कळा सुरू झाल्या. पोटाला हात लावून बघितलं. मूल पुन्हा आडवं. गाडी जुंपली, बैल पळवले. ती माझं मनगट धरून होती. सांगलीचा पूल दिसायला लागला आणि तिचा हात सैल पडला. नर्स होते ना मी? मला कुणी सांगावं लागलं नाही.

दुसऱ्या तारखेला मी आपणहून उभी राहिले. कारकुनानं तोच प्रश्न वाचला. मी ड्रायव्हरच्या बायकोपासून सगळं सांगितलं, दोन वर्षं फुकट बसले तेही. साहेब म्हणाले, "आणखी काही?"

"होता, साहेब. माझी भावजय पोटुशी होती. तिच्यासाठी मला ही फेरी हवी होती. आता तो हितसंबंध राहिला नाही."

कारकुनाची लेखणी थांबली. "हे लिहू?" त्यानं विचारलं.

"लिहा," साहेब म्हणाले.

परवाना मिळाला, महिन्याभरात फेरी सुरू झाली. भावजय गेल्याचं मी भावाला पत्रानं कळवलं होतं. मोटारीचं मात्र लिहिलं नव्हतं, हात धजला नाही. त्याला रजा मिळाली तेव्हा तो सांगलीहून त्याच दुपारच्या मोटारीनं आला. मी थांब्यावर उभी होते. ट्रंक खाली ठेवून त्यानं धुरळ्यात जाणाऱ्या गाडीकडं बघितलं.

"आक्का, ही दुपारची गाडी कवा सुरू झाली गं?"

त्याला तिथंच वडाखाली बसवलं आणि सगळं सांगितलं, त्या ड्रायव्हरशेजारच्या जागेपासून.