बारा घाणे आणि एक उरलेली पुडी

आज सकाळी कुकरची नवी रिंग हातात घेतली आणि रबराच्या त्या वासाने थेट हडपसरच्या कारखान्यात नेलं. परदेशी मोटार कंपन्या तेव्हा नुकत्याच पुण्याकडे येऊ लागल्या होत्या, आणि त्यांतल्या एकीसाठी आम्ही रेडिएटरच्या पाइपचं रबर बनवत होतो. काजळीने रबराला ताकद यायची, आणि एका तपकिरी पावडरीने उष्णता सोसायची शक्ती. पावडर तोलून पुड्या बांधायचं काम माझं. रबर मळायच्या एका घाण्याला एक पुडी; बारा घाणे, बारा पुड्या.

दुपारी बारावा घाणा मळणीयंत्राच्या रुळांवरून पट्टा होऊन उतरला आणि तोलकाट्यामागे एक पुडी दिसली. बाराही पट्टे सारखेच काळे. कोणता पुडीविना राहिला ते भट्टीत तीन दिवस तापवल्यावरच कळलं असतं, आणि माल संध्याकाळी जायचा होता.

“काय हो, भूत बघितलंत का?” रुळांवरचे साळुंखेमामा म्हणाले.

“काही नाही, मामा,” म्हणत मी पुडी खिशात टाकली. घरी महिन्याची मुलगी होती.

शेवटी जिना चढून मालकांना सांगितलं; अकरा तरी चांगले आहेत, असंही म्हणालो. ते शांतपणे म्हणाले, “अकरा चांगले आहेत ना? मग दाखवा बघू, कोणते ते.”

बाराही पट्टे बाद झाले. नोकरी राहिली.

तेव्हा मी मालकांना घाबरलो होतो. आता घाटात फुटलेला पाइप आणि कुणाच्या तोंडावर उडालेलं उकळतं पाणी दिसतं. जिना चढण्याआधी मी पंचवीस मिनिटं खाली उभा होतो. त्यांतली वीस मिनिटं माझं न सांगण्याचंच ठरलं होतं.