डब्यात राहिलेली अर्धी भाकरी

सणसरहून आई रोज सकाळच्या एसटीनं माझा जेवणाचा डबा बारामतीला पाठवते. संध्याकाळच्या गाडीनं रिकामा डबा परत जातो.

परीक्षा जवळ आल्यापासून मला घास उतरत नाही. भाकरी रूममेट खातात. डबा रिकामा बघून आई खूश होते आणि दुसऱ्या दिवशी एक भाकरी वाढवते.

तिनं कमी पाठवावं म्हणून आज मुद्दाम डब्यात अर्धी भाकरी ठेवली. मघाशी तिचा फोन आला.

"बरं न्हाय का तुला? तब्येत घालवून शिकायचं न्हाय. उद्या आबा तुला घरी न्यायला येत्यात."

"नको आई, आज बाहेर खाल्लं म्हणून राहिली. उद्या दोन भाकरी जास्त पाठव."

मुलींनो, जेवण जात नाही एवढं घरी सांगून तुम्हाला शिकत राहता येतं का?